शेजारी बसून भरलेले अर्ज : शिष्यवृत्ती सहाय्य प्रकल्पाच्या नोंदी

३ जुलै

नवी तुकडी आजपासून सुरू. शाळेच्या शेवटच्या वर्षाची आणि त्याच्या एक वर्ष मागची, अशी दोन्ही वर्षांची मुलं एकत्र घेतली आहेत. मोठी मुलं यंदा कॉलेजच्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करतील. धाकटी त्यांच्या शेजारी बसून बघतील आणि आत्तापासून कागद जमवायला लागतील.

कामाची पद्धत ठरवताना बराच वाद झाला. एक मत असं, की मोठं सभागृह घ्यावं, तज्ज्ञ बोलवावेत, शिष्यवृत्त्यांची यादी छापून वाटावी. एका दिवसात शेकडो मुलांपर्यंत पोचता येईल. माझा याला विरोध होता आणि हाताशी पुरावाही होता. एरिक बेटिंजर, ब्रिजेट टेरी लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिथे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत हवी असेल तर ‘फाफ्सा’ नावाचा अर्ज भरावा लागतो. तेव्हा तो फार लांबलचक होता. आयकराचं विवरणपत्र भरून घ्यायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे या संशोधकांनी गट पाडले. एका गटाचा फाफ्सा तिथल्या तिथे भरून दिला आणि अंदाजे किती मदत मिळेल तेही सांगितलं. दुसऱ्या गटाला आकडा आणि माहिती दिली, अर्ज मात्र त्यांच्यावरच सोडला. पहिल्या गटातल्या शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांमध्ये, पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ३६ टक्के निघालं. ज्यांना अशी मदत मिळाली नव्हती त्यांच्यात ते २८ टक्के होतं. नुसती माहिती मिळालेल्या गटात सुधारणा दिसली नाही.

हे सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. मग ठरलं : व्याख्यानं नाहीत. प्रत्येक मुलाला एक ठरलेला सोबती. सोबत्यानं अर्ज भरायचा नाही, निबंध लिहायचा नाही; मूल भरत असताना शेजारी बसायचं, अडलं की विचारायचं, आणि अर्ज जमा झाल्याची पावती डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठायचं नाही.

११ जुलै

यादीचं काम. शोधायला बसवलं की मुलं आधी रक्कम बघतात. आमच्या तक्त्यात तो रकाना मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवला आहे. पहिला रकाना पात्रतेचा : वय, इयत्ता, गुण, विषय, नागरिकत्व, उत्पन्न. त्यानंतर पैसा कशाच्या आधारावर मिळतो ते, म्हणजे गुणवत्तेवर, कुटुंबाच्या गरजेवर की दोन्हींवर. मग तो एकदाच मिळतो की दरवर्षी, आणि दरवर्षी असेल तर कोणत्या अटीवर. पुढे कागदपत्रं, निबंधाचा प्रश्न, शब्दमर्यादा, शिफारसपत्रं, अंतिम तारीख. तारखेसोबत वेळ आणि कोणत्या देशाची वेळ हेही लिहायचं. रात्री बारा म्हणजे कुणाचे बारा, यावर अर्ज अडकतात.

दुपारी जाहिराती वाचण्याचा सराव घेतला. ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’ या दोन्हींखाली वेगवेगळ्या रंगांनी रेघा मारायला लावल्या. एका मुलीनं एक चांगली शिष्यवृत्ती यादीतून काढून टाकली होती, कारण तिथे संशोधनाच्या अनुभवाचा उल्लेख होता. तो ‘प्राधान्य’खाली होता. आवश्यक असलेलं सगळं तिच्याकडे होतं. ओळ तक्त्यात परत आली.

फसवणुकीबद्दल एक पान वेगळं केलं. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, ज्या वाक्यांबद्दल सावध करतं ती जगात कुठेही उपयोगी पडतात : ‘शिष्यवृत्तीची हमी, नाहीतर पैसे परत’, ‘ही माहिती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही’, ‘जागा राखून ठेवायला कार्डाचा क्रमांक द्या’, आणि ज्या स्पर्धेत भागच घेतला नाही तिच्या अंतिम फेरीत निवड झाल्याचं अभिनंदन. यातलं एकही वाक्य दिसलं की पुढे जायचं नाही, आधी सोबत्याला फोन.

२२ जुलै

आज एक मुलगा म्हणाला, “ताई, मोठ्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मी यादीत लिहीत नाही. आपल्यासारख्यांना कोण देतंय?” त्याचे गुण वर्गात सगळ्यात वरच्या मुलांइतके आहेत.

हे वाक्य ऐकू आलं की मी मिशिगनची गोष्ट सांगते. मिशिगन विद्यापीठानं राज्यातल्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना थेट पत्रं पाठवली : प्रवेश मिळाला तर चार वर्षांची शिकवणी फी आणि इतर शुल्क माफ, त्यासाठी आधी कुठलाही आर्थिक फॉर्म भरायला नको. सुझन डायनार्स्की आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला आणि तो २०२१ साली छापून आला. पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्के मुलांनी अर्ज केला. न मिळालेल्या तशाच मुलांपैकी २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. आणि यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की या मुलांना साधारण तेवढीच मदत आधीच्या नियमांनीही मिळाली असती. फरक पडला तो खात्रीनं आणि स्पष्ट शब्दांत सांगितल्यामुळे.

आपल्याकडे अशी पत्रं पाठवायला विद्यापीठ नाही. पण नियम वाचून, पात्रतेची प्रत्येक अट मुलासमोर ताडून, “तू यात बसतोस, ही बघ ओळ” एवढं ठामपणे सांगणं आपल्या हातात आहे. त्याच्या बाबतीत तेच केलं. विद्यापीठाचं नाव यादीत आलं. घरी बोलून सांगतो म्हणाला. बोलू दे. पुढच्या वेळी आई-वडिलांनाही बोलावलं आहे. त्यांच्या मनात खर्चाचा जो आकडा आहे तो कागदावर उतरला पाहिजे.

५ ऑगस्ट

उपक्रमांची यादी. वर्षभरातलं माझं सगळ्यात आवडतं काम, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारंही.

मानसशास्त्राकडे जाऊ इच्छिणारी मुलगी कोरा कागद घेऊन बसली होती.

“मी शाळेशिवाय काहीच करत नाही, ताई. क्लब नाही, स्पर्धा नाही.”

“कालचा दिवस सांग. शाळा सुटल्यापासून.”

सांगायला लागली. धाकट्या भावाला आणलं, त्याचा अभ्यास घेतला. मग आजीची साखर मोजली, इन्शुलिन दिलं, वहीत लिहिलं.

“कसली वही?”

वही तिच्या दप्तरातच होती. उभे रकाने आखलेले : तारीख, वेळ, आकडा, किती युनिट, आणि शेवटी एक अरुंद रकाना ज्यात ‘झोप नाही’, ‘पाहुणे’, ‘भांडण’ असे शब्द. हा शेवटचा रकाना तिनं स्वतःहून घातलेला. घरात तणावाचा दिवस गेला की दुसऱ्या सकाळी आकडा चढलेला असतो असं तिला वाटलं, म्हणून ती लिहायला लागली. तपासणीला जाताना ती वही सोबत नेते आणि डॉक्टर ती पानं उलटून बघतात. हे सगळं ती तीन वर्षं करते आहे. आणि मानसशास्त्रच का, हा प्रश्न आम्ही तिला गेल्या आठवड्यात विचारला तेव्हा तिनं खांदे उडवले होते.

मुलांना हे ‘उपक्रम’ वाटत नाही, कारण शाळेनं त्याला कधी बक्षीस दिलेलं नाही. निवड करणारे मात्र ते बघतात. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पानं जानेवारी २०१६ मध्ये प्रवेशप्रक्रियेवर एक अहवाल काढला, त्याला अनेक नामांकित कॉलेजांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी पाठिंबा दिला. घरच्या माणसांची काळजी घेणं, घराला हातभार लावण्यासाठी काम करणं, याचं मोल अर्जात झालं पाहिजे असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ‘कॉमन ॲप’ या, अनेक कॉलेजांसाठी एकच भरायच्या सामायिक अर्जातही उपक्रमांच्या प्रकारांत कौटुंबिक जबाबदाऱ्या हा स्वतंत्र पर्याय आहे.

त्याच अर्जात दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला रिकाम्या जागा धरून १५० चिन्हं. तिचा पहिला मजकूर होता : ‘आजीची काळजी घेते आणि घरात मदत करते.’ तासभर घासून झाल्यावर : ‘आजीची साखर रोज मोजून, इन्शुलिन देऊन नोंदी, तणाव आणि आकड्यांचा संबंध टिपला, तपासणीत डॉक्टरांना तक्ता.’ भावाचा अभ्यास वेगळ्या ओळीत गेला, कारण ते वेगळं काम आहे. तासांसाठी निराळा रकाना असतो, तिथे खरा आकडा लिहायचा. आठवड्याचं वेळापत्रक आखून तास मोजले की तो आपोआप खरा येतो.

धाकट्या तुकडीला आजच सांगितलं : वही ठेवा. केलेलं काम, तारीख, कुणाबरोबर, काय बदललं. वर्षभरानं आठवणीतून लिहिलेलं पुसट होतं.

१९ ऑगस्ट

निबंधांचे पहिले खर्डे आले. बहुतेकांची सुरुवात ‘लहानपणापासूनच मला’ किंवा एखाद्या थोर माणसाच्या वचनानं. सगळे नीटनेटके, आणि नाव झाकलं तर कुणाचा कुठला हे सांगता येणार नाही असे.

शाळेच्या ग्रंथालयात मदत करणाऱ्या मुलाचा खर्डा घेऊन बसले. त्यात ‘वाचनसंस्कृती रुजवण्याचा ध्यास’ असे शब्द होते.

“ध्यास लागला म्हणजे तू काय केलंस? एक दिवस सांग.”

“खालच्या कप्प्यातली पुस्तकं कुणी नेतच नव्हतं. रजिस्टरमध्ये दिसत होतं. मग मी काही वर आणून ठेवली.”

“पुढे?”

“जायला लागली. सगळी नाही. कविता तशाच राहिल्या.”

“मग कवितांचं काय केलंस?”

“काही नाही.” थोडा वेळ गप्प. “एक मीच नेली.”

एवढं बोलणं झाल्यावर मी फक्त म्हटलं, की हे असंच लिही, याच क्रमानं. दोन दिवसांनी नवा खर्डा आला. पहिलं वाक्य : ‘ज्या पुस्तकासाठी वाकावं लागतं ते आमच्या शाळेत कुणी वाचत नाही.’ त्यानंतर रजिस्टर, कप्पे, काय बदललं, काय बदललं नाही, आणि शेवटी सांख्यिकी का शिकायची आहे. ‘ध्यास’ कुठेच नाही, तरी तो दिसतो. आणि कविता तशाच राहिल्या हे त्यानं ठेवलं, याचा मला विशेष आनंद झाला. ज्याला आपल्या प्रयोगाची मर्यादा सांगता येते त्याच्यावर वाचणारा विश्वास ठेवतो.

सोबत्यांसाठी : खर्ड्यावर लाल पेन चालवू नका. समासात प्रश्न लिहा. ‘कधी?’ ‘कुणी सांगितलं?’ ‘तेव्हा तू काय केलंस?’ ‘हे तुला कसं कळलं?’ वाक्य मुलाचंच राहिलं पाहिजे, थोडं ओबडधोबड असलं तरी चालेल. आणि दर वेळी अर्जातला मूळ प्रश्न निबंधाच्या वर चिकटवा. नेतृत्वाबद्दल विचारलेलं असताना अडचणीबद्दलचा जुना निबंध तसाच डकवला की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. एकाच अनुभवावरून दोन-तीन वेगळे निबंध होऊ शकतात. ग्रंथालयाचा प्रसंग नेतृत्व, जिज्ञासा आणि अपयश अशा तिन्ही प्रश्नांना चालेल, पण वजन प्रत्येक वेळी निराळ्या जागी पडेल.

शब्दमर्यादा म्हणजे मर्यादाच. कॉमन ॲपचा मुख्य निबंध २५० ते ६५० शब्द. ६५१वा शब्द ऑनलाइन अर्जातला रकाना घेतच नाही.

२६ ऑगस्ट

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून घेण्याचा विषय निघणारच होता. आमचा नियम : ज्या संस्थेला अर्ज करायचा तिचं धोरण आधी वाचायचं. काही ठिकाणी पूर्ण मनाई असते, काही ठिकाणी व्याकरण तपासायला मुभा. धोरण काहीही असलं तरी पहिला खर्डा हातानं, वहीत.

याला आणखी एक कारण आहे. यंत्रानं लिहिलेलं ओळखणारी साधनं भरवशाची नाहीत, आणि ती चुकतात ती नेमकी आपल्या मुलांसारख्यांच्या बाबतीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ओपनएआयनं आपलं स्वतःचं ओळख-साधन त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. त्यामुळे प्रत्येक मुलानं खर्डे तारखा घालून जपून ठेवायचे. कुणी शंका घेतलीच तर निबंध कसा घडत गेला हे दाखवता येईल.

७ सप्टेंबर

शिफारसपत्रं. शिक्षकांकडे निदान महिनाभर आधी जायचं, आणि रिकाम्या हातानं जायचं नाही. आम्ही एका पानाचा नमुना केला आहे : शिष्यवृत्ती कोणती, ती काय शोधते, तारीख कधी, पत्र कुठे पाठवायचं, आणि त्या शिक्षकांच्या तासाला घडलेले दोन-तीन प्रसंग. प्रसंग महत्त्वाचे. भरपूर विद्यार्थी हाताखालून जाणाऱ्या शिक्षकांना मूल आठवतं, त्याचं त्या दिवशीचं वाक्य आठवेलच असं नाही.

आलेल्या जुन्या पत्रांचे नमुने वाचले. मुलींच्या पत्रांत ‘मेहनती’, ‘आज्ञाधारक’, ‘मनमिळाऊ’. मुलांच्या पत्रांत ‘तल्लख’, ‘स्वतंत्र विचारांचा’. हे आपल्यापुरतं नाही. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी एका मोठ्या अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासली. अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांची पत्रं सरासरीनं आखूड होती, त्यांत कष्टाळूपणाचे शब्द आणि शंका उत्पन्न करणारी वाक्यं जास्त होती. ‘कष्टाळू’ म्हणणं वाईट नाही. पण एखाद्या मुलीनं प्रयोगशाळेत चुकीचा निष्कर्ष पकडला असेल आणि पत्रात फक्त तिचा नम्र स्वभाव आला, तर तिचं नुकसान होतं.

शिक्षकांना हे कसं सांगायचं यावर आम्ही बराच विचार केला. शेवटी नमुन्यातच एक प्रश्न घातला : ‘या विद्यार्थ्यानं किंवा विद्यार्थिनीनं तुम्हाला नव्यानं विचार करायला लावला असा एखादा प्रसंग?’ रसायनशास्त्राच्या बाईंनी तो वाचला आणि पत्र तिथल्या तिथे पुन्हा लिहायला घेतलं.

२३ सप्टेंबर

कागदपत्रं. नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्यावर एक, गुणपत्रकावर दुसरं. आडनाव कधी आधी, कधी शेवटी. दुरुस्तीला आठवडे जातात म्हणून हे आत्ताच. स्कॅन सरळ, चारही कोपरे दिसणारे, फाइलचं नाव मागितलं असेल तसंच.

उत्पन्नाचा मुद्दा नाजूक. ज्यांच्या घरी महिन्याला ठरावीक पगार येत नाही त्यांचा आकडा एका ओळीत बसत नाही. त्यासाठी खुलाशाचं पत्र : कामाचं स्वरूप, हंगामी चढउतार, यंदा काय बदललं, सोबत जे पुरावे आहेत ते. भावनिक भाषा नको, आकडे आणि तारखा पुरतात.

यावरून एक मोठी चर्चा झाली, तिची नोंद व्हायला हवी. एका मुलाच्या घरात गेल्या वर्षी मृत्यू झाला. त्याला कुणीतरी सांगितलं, की यावर निबंध लिही, नक्की मिळेल. त्याला लिहायचं नव्हतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की तुझं दुःख कुणापुढेही विकायला मांडायची गरज नाही. समितीला जी वस्तुस्थिती कळणं आवश्यक आहे, म्हणजे कमावतं माणूस गेलं आणि गुण एका सत्रात घसरले, ती अतिरिक्त माहितीच्या रकान्यात चार ओळींत येते, किंवा शिक्षकांच्या पत्रात. निबंध तू तुझ्या दुर्बिणीवर लिही. तो लगेच सावरून बसला आणि आरशाच्या व्यासाबद्दल बोलायला लागला. ज्यांना आपल्या दुःखाबद्दल लिहायचं असतं त्यांनाही आम्ही अडवत नाही, पण निर्णय मुलाचा, आणि घरच्या इतर माणसांबद्दल लिहिलं असेल तर त्यांना विचारून.

१२ ऑक्टोबर

आज मुलांनाच निवड समिती केलं. नावं काढलेले अर्ज, गुण देण्यासाठी एक तक्ता, प्रत्येक अर्जाला मोजून थोडीच मिनिटं. निकष चार : प्रश्नाचं उत्तर आहे का, दाव्याला दाखला आहे का, पुढे काय शिकायचं ते स्पष्ट आहे का, आणि पैसे मिळाले तर नेमकं काय शक्य होईल.

तासाभरानं खोलीतलं बोलणंच बदललं. “तिसऱ्या परिच्छेदापर्यंत काही कळतच नाही,” असं एक मुलगी ज्या निबंधाबद्दल म्हणाली तो तिच्या जवळच्या मैत्रिणीचा होता. दोघींना नंतर कळलं, दोघीही लगेच पुन्हा लिहायला बसल्या. माझ्या सांगण्यानं ज्याला कित्येक आठवडे लागले असते ते एका दुपारी झालं. हा सराव पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला घ्यायचा.

३० ऑक्टोबर

पहिली मोठी तारीख. आमची आतली मुदत तीन दिवस आधीची होती, म्हणून धावपळ नाही. एका पोर्टलनं फोटो चार वेळा नाकारला, आकार कमी केल्यावर घेतला. सगळ्यांच्या पावत्या जतन. शिफारसपत्र पोचल्याची खूण दोघांच्या खात्यात दिसत नव्हती. शिक्षकांना आज संध्याकाळी आठवण, आभारासकट.

२५ नोव्हेंबर

मुलाखतीचा सराव. पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात, म्हणून उत्तरांऐवजी मुलांना आपापले प्रसंग पक्के करायला लावले : तीन-चार प्रसंग, प्रत्येकातला एक बारीक तपशील. प्रश्न कुठूनही आला तरी त्यातला एखादा लागू पडतो. ‘मला हे माहीत नाही, पण मी ते असं शोधेन’ हे वाक्य निःसंकोच म्हणायचा सराव वेगळा घेतला. वहीवाल्या मुलीला विचारलं, की तणाव आणि साखरेचा संबंध तुझ्या नोंदींवरून सिद्ध होतो का? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “नाही. एकाच माणसाच्या नोंदी आहेत, आणि भांडण कशाला म्हणायचं ते मीच ठरवत होते.” सराव घेणारे दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

१८ जानेवारी

निकालांची वाट बघण्याचे दिवस, आणि काही नकार आले आहेत. हे दिवस गळतीचे असतात. एक नकार आला की मूल पुढचे अर्ज अर्धवट सोडून देतं. कुणीतरी सुचवलं, की सगळ्यांना रोज आठवणीचे मेसेज जातील अशी व्यवस्था करावी. मेसेज पाठवूच, पण त्यांच्या जिवावर राहायचं नाही. अमेरिकेत फाफ्सा भरावा म्हणून आठ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांपर्यंत अशा आठवणी पोचवल्या गेल्या, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आर्थिक मदत मिळण्यावर किंवा प्रवेशावर काहीच परिणाम दिसला नाही. म्हणून सोबत्यांनी या महिन्यात प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष भेटायचं आणि उरलेला अर्ज समोर उघडायचा. नकार मिळालेल्यांना आधी.

सांख्यिकीवाल्या मुलाला पहिल्या पसंतीच्या ठिकाणी नकार आला. भेटायला आला तेव्हा त्याच्या पिशवीत दुसऱ्या अर्जाचा खर्डा होता. त्यावर काम केलं.

२१ मार्च

निवडपत्रं यायला लागली. आनंद आहेच, पण कामाच्या दृष्टीनं हा धोक्याचा टप्पा, कारण पत्र वाचणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. ‘एकूण आर्थिक सहाय्य’ म्हणून जो मोठा आकडा दिसतो त्यात अनुदान, शिष्यवृत्ती, कॅम्पसवरचं काम आणि कर्ज सगळं एकत्र असू शकतं. न्यू अमेरिका आणि यूअस्पायर या संस्थांनी २०१८ साली अमेरिकी कॉलेजांच्या अशा पत्रांची छाननी केली. एकाच प्रकारच्या सरकारी कर्जाला तिथे १३६ वेगवेगळी नावं दिलेली सापडली, आणि त्यांतल्या २४ नावांत ‘कर्ज’ हा शब्दच नव्हता.

म्हणून आम्ही प्रत्येक पत्राचे तीन तुकडे करतो : परत करायचे नसलेले पैसे, काम करून मिळणारे पैसे, परत करायचे पैसे. मग फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास, विमा या वर्षाच्या खऱ्या खर्चातून फक्त पहिला तुकडा वजा करायचा. उरेल ती घराची जबाबदारी. दोन कॉलेजांची तुलना त्या उरलेल्या आकड्याची. दुर्बिणवाल्या मुलाच्या वडिलांनी ही वजाबाकी स्वतः केली, आणि मोठ्या आकड्याचं पत्र दुसऱ्यापेक्षा महाग आहे हे त्यांनीच आम्हाला दाखवलं.

दुसरा मुद्दा बाहेरच्या शिष्यवृत्तीचा. काही कॉलेजं, बाहेरून पैसे मिळाले की स्वतःची मदत तेवढ्यानं कमी करतात. अमेरिकेत मेरीलँडनं २०१७ साली सरकारी कॉलेजांपुरती यावर बंधनं घातली, तसा कायदा करणारं ते पहिलं राज्य. इतरत्र काय नियम आहे ते विचारूनच कळतं. विचारायचा मजकूर आम्ही तयार ठेवला आहे : बाहेरची रक्कम आधी कर्जातून वजा होईल का, की अनुदानातून? उत्तर लेखी घ्यायचं.

१९ एप्रिल

वहीवाल्या मुलीला चारही वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. नूतनीकरणाच्या अटीत किमान गुणांची सरासरी आणि दर सत्राला पूर्ण श्रेयांक असं लिहिलं आहे. तिनं स्वतःच कार्यालयाला पत्र लिहून विचारलं, की घरच्या आजारपणामुळे एखाद्या सत्रात श्रेयांक कमी घ्यावे लागले तर काय होईल. उत्तर आलं : आधी कळवून परवानगी घेतली तर एका सत्राची सवलत मिळते. हे उत्तर तिच्या फाइलमध्ये वरच ठेवलं आहे.

सांख्यिकीवाला दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजात जातो आहे, अंशतः शिष्यवृत्तीवर. उरलेल्या रकमेसाठी आणखी दोन अर्ज मे महिन्यात आहेत. त्यांचा निबंध तयार आहे, प्रश्नाप्रमाणे शेवटचा परिच्छेद बदलायचा आहे.

काम अजून संपलेलं नाही. प्रवेश मिळाला, पैसेही ठरले, आणि तरी मूल पहिल्या दिवशी कॉलेजात पोचतच नाही, असं घडतं. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांच्या अभ्यासांनुसार अमेरिकेत कॉलेजला जायचं ठरवलेल्यांपैकी १० ते २० टक्के मुलं शाळा आणि कॉलेज यांच्या मधल्या उन्हाळी सुटीतच गळतात. वसतिगृहाचा अर्ज, वैद्यकीय फॉर्म, अनामत, बँक खातं, अभिमुखतेची, म्हणजे ओरिएंटेशनची, नोंदणी, यातलं एखादं अडतं आणि शाळा सुटलेली असल्यानं विचारायला कुणी नसतं. म्हणून यंदा सोबत्यांची जबाबदारी कॉलेजच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाढवली आहे.

सोमवारी प्रवेश ठरलेल्या तिघांची भेट. वैद्यकीय फॉर्म आणि वसतिगृहाचा अर्ज त्याच बैठकीत भरून पाठवायचे. धाकट्या तुकडीतल्या ज्यांनी वह्या ठेवल्या आहेत त्यांना सकाळी दहाला वह्यांसकट बोलावलं आहे.